जुन्या टीपॉयचं पॉलिश काढायला घेतलं आणि कोपऱ्यात भलतंच लाकूड दिसायला लागलं

उचापती
नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल घालत नाही, सरळ मुद्द्यावर येते. घरात एक जुना लाकडी टीपॉय आहे, वरची फळी चार फूट बाय दोन फूट असेल, कातीव पाय आणि खाली एक कप्पा. वरच्या पॉलिशचे पापुद्रे सुटायला लागलेत, नखाने ओढलं तर चक्क साल निघाल्यासारखे निघतात, मधोमध एक काळाकुट्ट गोल डाग आहे (कुंडी ठेवलेली असायची) आणि खालच्या कप्प्यावर पांढरट गोलच गोल. तर काल उत्साहाच्या भरात ऑर्बिटल सँडर (घासायचं मशीन) घेतला, ६० नंबरचा भरड सँडपेपर लावला आणि एका कोपऱ्यापासून सुरू केलं, पहिली पाच मिनिटं फार मजा आली, लालसर तपकिरी सुंदर लाकूड वर येत होतं आणि मग अचानक तळहाताएवढ्या जागेत फिकट पिवळट काहीतरी दिसायला लागलं ज्याच्या रेषा चक्क आडव्या आहेत, बाकी फळीच्या उभ्या. हे काय आहे? अजून घासलं तर जाईल का?

जुनं_खोड
आधी ते मशीन खाली ठेवा. अजून घासलंत तर जाईल, पण डाग नाही, उरलेलं चांगलं लाकूड जाईल.

विनिअर आहे ते. वर चांगल्या लाकडाचा पातळ पत्रा, खाली दुसरं साधं लाकूड आडवं चिकटवलेलं, त्याच्याच आडव्या रेषा तुम्हाला दिसतायत. हल्लीचं विनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, जुन्या सामानात त्याहून जाड सापडतं पण तरी मिलिमीटरभरच म्हणा ना, आणि ६० नंबरपुढे त्याचं काय चालणार.

सावकाश
आई गं. मी पण हेच केलेलं आहे, माझ्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं त्यामुळे मी "जाईल जाईल" करत अख्खी कड पिवळी केली. तुमचं तळहाताएवढ्यावर थांबलं हे नशीब समजा.

ओळखायचं कसं ते सांगते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतायत का बघायचं. भरीव फळी असेल तर ज्या टोकाला रेषा संपतात तिथे कडेला त्याच रेषांची कापलेली तोंडं दिसतात, बारीक छिद्रं, वर्तुळांचे तुकडे वगैरे. विनिअर असेल तर कडेला वेगळीच पट्टी लावलेली असते किंवा सँडविचसारखे थर दिसतात. आणि फळी उलटी करून खालून बघायची, वरची नक्षी आणि खालची नक्षी यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर समजून जायचं.

उचापती
उलटं करून पाहिलं. खाली पूर्ण वेगळं लाकूड. पाय मात्र भरीव वाटतायत. आता मी काय करू, टाकून देऊ?

रोखठोक
टाकून कशाला देता, प्रायमर मारा आणि छान गडद निळा ऑइल पेंट द्या, दोन दिवसात काम खल्लास. सगळ्यांना लाकडाची नसच (त्या रेषा हो) बघायची असते, रंगवलेला टीपॉय काय वाईट दिसतो का.

जुनं_खोड
रोखठोक, रंग हा शेवटचा उपाय, तो कुठे पळून जात नाहीये. एकदा त्या नसांमध्ये रंग बसला की परत काढताना बाईंना (की ताई?) विनिअरसकट काढावा लागेल.

उचापती, टाकायची काही गरज नाही, कोपरा नंतर बघू. मला आधी हे सांगा की वर लावलेलं काय आहे? ते माहीत नसताना घासायला घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. खालच्या बाजूला किंवा पायाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, कापसावर पॉलिशचं स्पिरिट घेऊन एक मिनिट दाबून धरा. चिकट होऊन कापसाला रंग आला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश (शेलॅक). काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी लॅकर थिनर, त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही किंवा नुसत्या सुरकुत्या आल्या तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, म्हंजे पीयू. वरची फळी, पाय, कप्पा सगळीकडे वेगवेगळं करून बघा हां, एकाच टीपॉयवर एकच पॉलिश असेल असं नसतं.

उचापती
ताईच. केलं सगळं. पाय आणि खालचा कप्पा, स्पिरिटने लगेच चिकट झाले, कापूस नारिंगी तपकिरी. वरची फळी मात्र ढिम्म, स्पिरिट नाही, थिनरने फक्त थोडी सुरकुती. पण पापुद्रा निघालेल्या जागी स्पिरिट लावलं तर तिथे पुन्हा चिकट! म्हणजे खाली चपडा आणि वर दुसरंच काहीतरी?

जुनं_खोड
शाब्बास. गोष्ट उलगडली. मूळचं काम चपड्याचं, नंतर कोणीतरी "टिकाऊ" म्हणून वरच्या फळीवर पीयू फासलं. साध्या चपड्यात लाखेचं स्वतःचं मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही, म्हणून पापुद्रे. मेण काढलेला चपडा मिळतो त्यावर मात्र व्यवस्थित बसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याचा अर्थ असा की पाय आणि कप्पा तुम्ही उतरवूच नका. अजिबात नका. चपडा हे असं पॉलिश आहे की त्यावर नवीन हात दिला तर तो जुन्यात विरघळून एकजीव होतो. मिनरल टर्पेंटाइनने मळ पुसा, हलक्या साबणाच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसा, वाळू द्या आणि मग बोळ्याने (फडक्यात गुंडाळलेला कापूस) पातळ चपड्याचे दोन हात. कातीव पायांच्या खाचांमधून पॉलिश उतरवणं हे ज्याने केलंय त्यालाच माहिती.

निळीशाई
+१. आणि कप्प्यावरचे पांढरे डाग म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल, लाकडापर्यंत गेलेलीच नसते. फडक्यावर अगदी नावाला स्पिरिट घ्यायचं, इतकं कमी की गालाला लावलं तर फक्त गार वाटावं, आणि डागावरून न थांबता झटकन फिरवायचं. थांबलात की पॉलिशच उचललं जाईल. माझे चारातले तीन गेले, चौथा अजून आहे, त्याच्याशी मी तह केलाय.

उचापती
हे वाचून जीवात जीव आला, पाय काढायच्या विचारानेच मला रडू येत होतं. पण वरची फळी तर उतरवावीच लागेल ना? हीट गन आहे घरात. ती चालेल?

भुसनळ्या
हीट गन विनिअरवर नको नको नको. जुन्या सामानात विनिअर चिकटवायला बरेचदा सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) असतो आणि सरस ऊब आणि ओल दोन्हीने सुटतो, पॉलिशच्या आधी विनिअरच फुगून वर येईल. त्याच कारणाने कॉस्टिक सोड्याचं पाणी पण नको, शिवाय टॅनिनवाली (टॅनिन म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य) लाकडं त्याने काळवंडतात.

केमिकल स्ट्रिपर वापरा, पण डबा घेताना घटक वाचा. मिथिलीन क्लोराइडवालं असेल तर परत ठेवा. काम दहा मिनिटात करतं खरं, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद बाथरूममध्ये बाथटबचा रंग उतरवताना माणसं मेलेली आहेत त्याने, अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना असं स्ट्रिपर विकायला बंदी आहे. साधा कापडी मास्क त्याला काहीही अडवत नाही. बेंझिल अल्कोहोलवालं जेल मिळतं ते घ्या, वेळखाऊ आहे, काही तास लागतात, पण झोप तरी लागते रात्री.

रोखठोक
एवढी नाटकं करण्यापेक्षा मशीनवर १८० लावून हळूहळू नाही का काढता येणार? केमिकल मला आवडत नाही.

सावकाश
मशीन एका जागी जरा जास्त रेंगाळलं की संपलं हो, आणि पापुद्रे निघालेल्या जागी फिनिशच नाहीये, तिथे ते थेट लाकूड खाणार आणि शेजारी अजून पीयूच खात बसणार. वर खालचा चपडा गरम होऊन पेपरवर गोळ्या गोळ्या धरतो आणि त्याच गोळ्या फळीवर ओरखडे काढतात. केमिकल मलाही आवडत नाही पण विनिअरवर तेच सौम्य आहे.

स्ट्रिपर जाड थर लावा, ब्रश एकाच दिशेने, मागेपुढे घासत बसू नका. वर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा म्हणजे वाळणार नाही. वाळलं की ते काम करायचं थांबतं आणि आपण उगाच "हे चालतच नाही" म्हणून ओरडतो. खरवडायला प्लास्टिकची पट्टी, लोखंडी असेल तर तिची दोन्ही टोकं घासून गोल करून घ्या. नसेच्या दिशेनेच. चिखल निघाला की वर मूठभर लाकडाचा भुसा टाकून चोळा, उरलेलं सगळं भुसा उचलतो. शेवटी डब्यावर लिहिलंय त्याने पुसायचं. आणि हातमोजे जाड घ्या, ते दवाखान्यातले पातळ दोन मिनिटात विरघळल्यागत होतात.

निळीशाई
आणि तारेचा घोस वापरू नका प्लीज. त्याचे लोखंडी कण नसांमध्ये राहतात आणि पुढे ओल लागली की काळे ठिपके उठतात. तुमचा तो कुंडीचा काळा गोल तसाच आहे, पाणी अधिक लोखंड अधिक लाकडातलं टॅनिन. ही जुन्या काळ्या शाईचीच कृती आहे खरं तर. (म्हणून माझं नाव असं नाही, पण असो.)

उचापती
अपडेट. तीन दिवस लागले. पहिल्यांदा मी घाई करून तासाभरात खरवडायला गेले तर नुसतं चघळलेल्या गमसारखं, मग प्लास्टिक लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी पट्टी लावली तर अख्खं पीयू चादरीसारखं गुंडाळत आलं, काय समाधान असतं हो ते, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. खालचा चपडा स्पिरिट आणि फडक्याने निघाला. आता फळी नागडी आहे आणि काळा गोल आणखीनच काळा दिसतोय.

जुनं_खोड
ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. स्फटिक मिळतात. कोमट पाण्यात विरघळतील तेवढे घाला, काच किंवा प्लास्टिकचं भांडं, धातूचं नको. आता नीट वाचा. फक्त डागावर लावू नका, नाहीतर काळ्या गोलाच्या जागी पांढरा गोल मिळेल. पूर्ण फळीवर एकसारखं लावायचं, तुमचं विनिअर आहे म्हणून तळं करायचं नाही, ओलसर फडकं बास. वाळू द्या. वाळल्यावर वर पांढरी पूड दिसेल ती झटकू नका, फुंकू तर मुळीच नका, ती नाकात गेली की घसा धरते, आणि विषारी आहे. ओल्या फडक्यानेच उचला, दोन तीनदा पाणी बदलून. डाग उरला तर पुन्हा एक हात. मोजे, चष्मा हे सांगायला नको.

ब्लीचचं पाणी वगैरे कोणी सुचवेल, त्याने शाईचे, कपड्यांचे रंग जातात, लोखंडाचा डाग जात नाही.

उचापती
दुसऱ्या हाताला गेला!! ९५ टक्के तरी. माझा विश्वासच बसत नाहीये. पण पाण्याने फळी खरखरीत झालीये, फुगली की काय?

सावकाश
फुगली नाही, तंतू उभे राहिले. पूर्ण वाळू द्या, दोन दिवस तरी, मग २२० चा पेपर ठोकळ्याला गुंडाळून हाताने, नसेच्या दिशेने, जेमतेम. पेन्सिलने फळीवर फिकट आडव्यातिडव्या रेघा मारा आणि त्या जेमतेम गेल्या की थांबा, म्हणजे कुठे किती घासलं ते कळतं. कडांपाशी हात हलका, विनिअर तिथेच आधी जातं. तुम्हाला हे मी काय सांगू म्हणा.

उचापती
टोमणा पोचला. आता तो कोपरा?

जुनं_खोड
दोन रस्ते. एक, तशाच नसेचा विनिअरचा तुकडा शोधून ठिगळ लावणं. पहिल्याच कामात करू नका, सरळ चौकोनी ठिगळ दहा फुटांवरून ओरडतं, ते नसेच्या दिशेने होडीसारखं निमुळतं कापावं लागतं. दुसरा, रंगाने फसवणं. आधी पूर्ण फळी टर्पेंटाइनने ओली करून बघा, पॉलिश झाल्यावर साधारण तशीच दिसणार. त्या ओल्या रंगाशी कोपरा जुळवायचा, कोरड्याशी नाही, इथेच सगळे चुकतात. मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात सगळीकडे द्या, वाळला की कोपऱ्यावर रंग घातलेला चपडा थोडा थोडा चढवा, दोन छटा फिकटच ठेवा कारण गडद करता येतं, फिकं करता येत नाही. मग अगदी बारीक ब्रशने शेजारच्या नसा पुढे ओढा, हात थोडा थरथरला तर उत्तम, लाकडाच्या रेषा कुठे सरळ असतात.

रोखठोक
हे भारी आहे. मी रंगवा म्हणालो तेव्हा सगळे अंगावर आले आणि आता ब्रशने लाकूड रंगवायचं चाललंय 😀

उचापती
रोखठोक 😀😀 पॉइंट आहे.

झालं करून. समोरून कळत नाही. खिडकीकडून वाकून बघितलं तर आडव्या रेषा चमकतात, मला माहितीये म्हणून दिसतात बहुतेक. आता शेवटचं काय लावू? परत चपडाच लावला तर मूळचं तसं होईल ना?

निळीशाई
पायांना चपडा ठीक पण टीपॉयच्या माथ्यावर नको, गरम कपाने पांढरा होतो आणि अल्कोहोलचा थेंब पडला की विरघळतो. पीयूच लावा पण पुसून. म्हणजे ऑइल बेस पीयूत निम्मं मिनरल टर्पेंटाइन घालून फडक्याने पातळ हात द्यायचा, ब्रशचे ओघळ नाहीत, बुडबुडे नाहीत. डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या, मध्ये ३२० ने हलकं घासून धूळ पुसा. पातळ असल्याने पाच सहा हात लागतील. वॉटर बेस घेतलंत तर दोनेक तासात वाळतं आणि पिवळं पडत नाही, पण जुन्या लालसर लाकडावर मला तरी ते जरा मेलेलं वाटतं.

भुसनळ्या
फडक्यांचं बघा. तेल, व्हार्निश लागलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकायची नाहीत. तेल वाळतं म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते, घडीत ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं. काडी लागत नाही. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ ला आग लागली ती अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांनी, लाकडी पॅनेल साफ करणाऱ्यांनी २२ व्या मजल्यावर टाकून दिलेली, तीन अग्निशामक जवान गेले त्यात. एकेक फडकं पसरून बाहेर मोकळ्यावर वाळवा, कडक झालं की टाका.

उचापती
बाप रे. माझी कालची तीन फडकी बादलीत होती, आत्ता उठून दोरीवर टाकून आले.

आणि नवं संकट. पीयूचा पहिला हात दिला तर जागोजागी फिनिश मागे सरकतंय, मधोमध खड्डे, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल. मी इतकं साफ केलं होतं!

जुनं_खोड
तो टीपॉय चमकवायला कधी स्प्रे मारायचात का?

उचापती
दर आठवड्याला. अनेक वर्षं. 🙈

जुनं_खोड
त्यातलं सिलिकॉन. पीयूच्या पापुद्र्यांमधून आणि भेगांतून आत उतरलंय, स्ट्रिपरने पूर्ण जात नाही. ओलं असतानाच टर्पेंटाइनने सगळं पुसून काढा. वाळवा. मग मेण काढलेल्या चपड्याचे दोन पूर्ण हात, सिलिकॉन खाली कोंडलं जातं, त्यावर पीयू.

तुम्ही आधी चपड्याचा जो हात दिलात तो बहुतेक फार पातळ झाला किंवा नंतर घासताना मध्ये उघडा पडला. आणि पुसताना रंगवलेल्या कोपऱ्यावर हात हळू, खालचा चपडा टर्पेंटाइनने विरघळत नाही, घाबरू नका, फक्त घासू नका. वर नवा चपडा देताना मात्र जपा, त्यातलं स्पिरिट तुमची चित्रकला पुसून टाकेल, तिथे बोळा एकदाच फिरवायचा, परत नाही.

उचापती
आज सहावा हात झाला. खड्डे नाहीत. कोपऱ्यातल्या दोन नसा बोळ्याबरोबर वाहून गेल्या, त्या पुन्हा काढल्या, आता त्या आधीपेक्षा बऱ्या आल्यात. पायांवर चपड्याचे दोन हात झाले, कप्प्यावरचे पांढरे डाग गेले, एक सोडून. निळीशाई, मीही तह केलाय. एकूण १९ दिवस, त्यातले निम्मे नुसती वाट बघण्यात. कप कधी ठेवू?

निळीशाई
हाताला कोरडं लागतं ते वाळणं, पक्कं व्हायला महिनाभर धरा. तोवर ओलं गरम काही नको आणि वर कापड, रबरी पायांच्या वस्तू वगैरे तर नकोच, ठसा उठतो.

सावकाश
आणि महिन्याभरानंतर तो स्प्रे नको!

रोखठोक
वरातीमागून घोडं, पण मला एक विचारायचंय. माझ्याकडे एक खुर्ची आहे, तिच्यावर तीन चार थर जुना रंग आहे, खाली चांगलं लाकूड दिसतंय. सँडर लावू का?

भुसनळ्या
रंग किती जुना आहे? जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत तर घरगुती रंगातून ते १९७८ साली बंद झालं. टेस्ट किट आणा आधी. शिसं निघालं तर कोरडं घासायचंच नाही, ती धूळ पोरांच्या पोटात जाते.

उचापती
आणि रोखठोक, खुर्ची उलटी करून खालून बघा आधी. सँडर मी देते हवा तर, मला तो आता बघवत नाही.